घड्याळाशी शर्यत

सायकलची शर्यत म्हटली की तुमच्या डोळ्यांपुढं काय येतं? सायकलींचा मोठा घोळका, कोपराला कोपर लागलेलं आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये एकच झुंबड! मुंबई–पुणे शर्यत अशीच असते. बोरघाटाच्या माथ्यावर पहिला पोहोचेल तो ‘घाटाचा राजा’, हे तुम्ही पेपरात वाचलं असेल. पण आज मी सांगणार आहे ती शर्यत अगदी वेगळी आहे. हिच्यात शेजारी कुणी नसतं. तुम्ही, सायकल, रस्ता आणि घड्याळ. हिचं नाव टाइम ट्रायल.

हिच्यात स्पर्धक एकेक करून सुटतात, बहुतेक वेळा एकेका मिनिटाच्या अंतरानं. मागून एक जण सायकल धरून उभा राहतो, पंच पाच-चार-तीन-दोन-एक मोजतात, की सुटायचं. पुढच्याला गाठलंत तरी त्याच्या पाठीमागं लपायचं नाही. कारण पुढचा वारा कापतो आणि मागच्याला फुकटची मदत मिळते. आपल्या कोल्हापूरच्या कुस्तीत समोरचा चुकला की आपला डाव लागतो. इथं समोर कुणी नाहीच!

हा प्रकार सुरू झाला इंग्लंडमध्ये, १८९५ साली. सायकलींचे घोळके रस्त्यानं धावायला लागले, घोडे बुजायला लागले, पोलिसांकडं तक्रारी गेल्या. मग एफ. टी. बिडलेक नावाच्या गृहस्थांनी तोड काढली, की सगळ्यांना एकत्र सोडायचंच नाही. पुढं तर स्पर्धक काळे कपडे घालून भल्या पहाटे निघायचे आणि रस्त्याचं नाव गुपित राहावं म्हणून त्याला खुणेचे आकडे दिले जायचे. पोलिसांना पत्ता लागू नये म्हणून हो!

आता वही-पेन्सिल घ्या. समजा, शर्यत १० किलोमीटरची आहे. एकानं पहिले ५ किलोमीटर ताशी ३० च्या वेगानं मारले, मग दमला आणि उरलेले ५ ताशी २० नं कसेबसे काढले. दुसरी मुलगी सगळा रस्ता ताशी २५ नं गेली. ३० आणि २० ची सरासरी २५, म्हणजे दोघं बरोबर येणार, असंच वाटतं ना? करून बघा. पहिल्याला १० आणि १५ मिळून २५ मिनिटं लागली. तिला लागली २४. अख्ख्या एका मिनिटाचा फरक! कारण पहिला जोरात गेला तो थोडाच वेळ, रखडला मात्र जास्त वेळ.

शिवाय वाऱ्याचा हिशेब आहेच. वेग दुप्पट केला की हवेचा अडथळा चौपट होतो आणि तो कापायला ताकद लागते आठपट. ताशी २० वरून ३० वर जायचं, तर नुसत्या हवेसाठी सव्वातीन पटींहून जास्त ताकद! म्हणून सुरुवातीचा तो झपाटा फार महाग पडतो.

हे मला पुस्तकापेक्षा एका मुलानं जास्त पटवलं. इथं पेठ वडगावात माझ्या ओळखीचा सातवीतला मुलगा. सायकल वडिलांची, जुनी, बिनगिअरची. प्रत्येक शर्यतीत बाणासारखा सुटायचा आणि निम्म्या रस्त्यात पोटात कळ येऊन खाली बसायचा. एकदा म्हणाला, “बाई, माझ्यात दमच नाही. मी सोडतो सायकल.” घरी सायकल विकायचंही चाललं होतं. म्हटलं, एकदा असं कर. पहिला निम्मा रस्ता इतका बेतानं जा, की अधूनमधून दोन शब्द बोलता आले पाहिजेत. तो रडवेला झाला, “मग मी मागं पडीन की!” पण गेला. त्याच रस्त्यावर, त्याच सायकलवर त्याची वेळ सुधारली. एका दिवसात पायांत ताकद काही वाढत नाही. दम होताच, तो सुरुवातीलाच उधळून टाकत होता. सायकल विकली गेली नाही, हे सांगायला नकोच.

मोठ्यांच्या शर्यतीत सेकंदांचं मोल काय असतं बघा. १९८९ ची टूर द फ्रान्स. तीन आठवडे पळून शेवटच्या दिवशी अमेरिकेचा ग्रेग लेमॉन्ड फ्रान्सच्या लॉराँ फिन्योंच्या ५० सेकंद मागं होता. उरली होती फक्त व्हर्साय ते पॅरिस ही २४.५ किलोमीटरची टाइम ट्रायल. लेमॉन्डनं पुढं झुकायला खास हँडल लावलं, वारा कापणारं हेल्मेट घातलं आणि आपल्या माणसांना बजावलं, की मधल्या वेळा मला सांगू नका. फिन्यों उघड्या डोक्यानं, शेंडी उडवत निघाला. लेमॉन्डनं २६ मिनिटं ५७ सेकंदांत रस्ता संपवला आणि सगळी टूर ८ सेकंदांनी जिंकली!

आपली माणसंही कमी नाहीत. अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडणारी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ हीसुद्धा घड्याळाशीच शर्यत. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीनं आणि २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी एकट्यानं पूर्ण केली. जवळजवळ ४,८०० किलोमीटर! तिथं पहिल्याच दिवशी जीव तोडून चालेल का?

जे दहा किलोमीटरला, तेच अख्ख्या हंगामाला. दिवाळीनंतर हवा गार झाली की पोरं रोज सुसाट सुटतात आणि संक्रांतीपर्यंत गुडघे धरून बसतात. पावसाळ्यात दोरीवरच्या उड्या नि सूर्यनमस्कार चालू ठेवा. दिवाळीनंतर पहिला महिना नुसती सावकाश सायकल. मग आठवड्यातून एकच दिवस जोराचा : दोन मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. बाकीचे दिवस बेतानं, आणि दोन दिवस चक्क सुट्टी. शर्यतीच्या आधीच्या आठवड्यात सराव निम्मा करा. हंगामात चार शर्यती असतील तर एकच मनाशी धरा, बाकीच्या शिकण्यापुरत्या. समोरून वारा असेल किंवा चढ असेल, तिथं थोडा जास्त जोर लावा आणि उताराला पाय सैल सोडा. रखडण्याचा वेळ तिथंच वाचतो.

पालकांनो, तुमच्यासाठीही काम आहे. सकाळी उठल्याउठल्या मुलाची नाडी मोजा आणि लिहून ठेवा. रोजच्यापेक्षा बरीच जास्त लागली तर त्या दिवशी सायकल नको. सीट पायाच्या मापाची आहे का, दोन्ही ब्रेक लागतात का, तेही बघा. हेल्मेटशिवाय मात्र फाटकाबाहेर सोडू नका.

आपल्या भागात आणखी एक पेच आहे. सरावाचे दिवस नि उसाचा गळीत हंगाम एकदमच येतात. हायवेवर तर जायचंच नाही, पण गावाकडच्या रस्त्यांवरही दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात आणि बाहेर आलेला ऊस अंगाला घासून जातो. म्हणून पूर्ण उजाडल्यावर निघा आणि एकटे जाऊ नका. ट्रॉली दिसली की सायकल रस्त्याच्या खाली उतरवून थांबा. त्या दिवशीची वेळ वहीत लिहायचीच नाही.