पासाचे गणित

गेल्या हिवाळ्यात आजीने पंढरपूरचा हट्ट धरला. हट्ट हा शब्द तिला आवडणार नाही. ती म्हणेल, इच्छा. तिचे माहेर आर्वीकडचे. वर्धा नदीच्या पलीकडे कौंडण्यपूर, म्हणजे साक्षात रुक्मिणीचे माहेर. तिथून रुक्मिणीची पालखी पंढरपुराला जाते. पालखी निघताना आजीने कितीदा तरी पाहिली. ती जिथे पोहोचते ते ठिकाण मात्र जन्मात पाहिले नाही. “मले एकडाव इठोबा दाखव बापू, मंग मी काई मांगत नाई,” असे ती म्हणाली, आणि प्रवासाची आखणी करण्याचे काम घरात सर्वांत रिकामा म्हणून माझ्याकडे आले.

आम्ही बोरगाव मेघ्याचे. वर्ध्याचे बसस्थानक हाकेच्या अंतरावर, त्यामुळे एसटीचा प्रवास म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. वर्गातल्या एका मित्राने सुचवले, “पास काढा तिघांचे, सात दिवस हुंदडा.” हा पास म्हणजे एसटी महामंडळाची ‘आवडेल तेथे कोठेही प्रवास’ ही योजना. ती १९८८ साली सुरू झाली. हल्ली हा पास चार दिवसांचा आणि सात दिवसांचा असा दोन प्रकारचा मिळतो. छायाचित्र आणि ओळखपत्र घेऊन आगारात जायचे. प्रवासाच्या दहा दिवस आधीपासून तो काढता येतो. पहिल्या दिवशीच्या मध्यरात्री त्याची मुदत सुरू होते आणि शेवटच्या दिवशीच्या मध्यरात्री संपते. मध्यंतरी दर बरेच वाढले होते. २०२५ च्या अखेरीस ते उतरवण्यात आले, तेव्हा साध्या गाड्यांचा प्रौढांचा पास चार दिवसांना १३६४ रुपये आणि सात दिवसांना २३८२ रुपये असा झाला. शिवशाहीचा पास निराळा आणि अर्थातच महाग. दर पुन्हा बदलू शकतात, तेव्हा निघण्यापूर्वी आगारात विचारलेले बरे.

‘कोठेही’ हा शब्द मोठा मोहक आहे. तो ऐकला की माणूस नकाशा उघडतो आणि बोट फिरवू लागतो. मीही फिरवले. पण भूगोलाच्या तासाला आम्हांला आधी अंतर मोजण्याची सवय लावली आहे, ती इथे उपयोगी पडली.

एसटीचे भाडे किलोमीटरवर नसते, टप्प्यावर असते. एक टप्पा सहा किलोमीटरचा. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा झाला. आता १३६४ ला १०.०५ ने भागा: सुमारे १३६ टप्पे, म्हणजे ८१५ किलोमीटर. सात दिवसांच्या पासाचे २३७ टप्पे, म्हणजे १४२० किलोमीटर. दोन्ही उत्तरे दिवसांनी भागली तर एकच आकडा हाती येतो: रोजचे दोनशे किलोमीटर. रोज दोनशेहून अधिक प्रवास करणार असाल तर पास फायद्याचा, कमी करणार असाल तर तिकीटच स्वस्त. चार दिवसांचा घ्यावा की सात दिवसांचा, हा प्रश्न त्यानंतरचा.

हे झाले पूर्ण तिकीट काढणाऱ्या माणसाचे. आमच्या घरात असा माणूस मी एकटाच! १७ मार्च २०२३ पासून राज्यात महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. म्हणजे आईचा पास भरून निघायला तिला रोज चारशे किलोमीटर बसमध्ये बसावे लागले असते. आजीची गोष्ट तर याहून मजेची. पंच्याहत्तरी पूर्ण केलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. आजी स्वतःला सत्त्याहत्तरची समजते, पण आधारकार्डावर तिची जन्मतारीख, तिच्या पिढीतील असंख्य माणसांप्रमाणे, १ जानेवारी पडली आहे, आणि त्या हिशोबाने पंच्याहत्तर पूर्ण व्हायला काही आठवडे उरले होते. कंडक्टर आजीच्या सुरकुत्या पाहत नाही, कार्ड पाहतो. आम्ही डिसेंबरातला बेत जानेवारीत ढकलला. तिचे सगळे भाडे वाचले, आणि माझी परीक्षाही उरकली.

राहिला प्रश्न माझ्या पासाचा. नागपूर-बोरी-तुळजापूर हा जुना रस्ता वर्ध्यावरूनच जातो: यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर. पंढरपूरची वाट त्यानेच सोपी होते. आर्णीवरून थोडी वाकडी वाट केली तर माहूरची रेणुकाही होते. माझी आखणी अशी: पहिला मुक्काम माहूर, दुसरा नांदेड, तिसरा तुळजापूर, मग सोलापूरवरून पंढरपूर, तिथे एक दिवस पूर्ण मोकळा, आणि दोन दिवसांत सरळ परत. जाऊन येऊन बाराशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दोनशे टप्पे, दोन हजार दहा रुपये. पास २३८२ चा. पास हरला.

इथे माझ्यातला हिशोबी माणूस बिथरला. पंढरपूरहून कोल्हापूर गाठले आणि तिकडूनच सोलापूरला आलो तर अंतर साडेतीनशेने वाढते, एकूण साडेपंधराशे होते, आणि पास दोनशे रुपयांनी फायद्यात येतो! शिवाय माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही तिन्ही शक्तिपीठे एकाच फेरीत. मी विजयी मुद्रेने वही आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून पाहिले आणि एवढेच विचारले, “माझं तिकीट कुठं धरलं यात?” धरलेच नव्हते. वाढीव अंतराचे तिचे अर्धे तिकीटच पावणेतीनशेच्या वर जात होते. एक जास्तीचा मुक्काम, तिघांचे जेवण हे निराळे. आणि हे सगळे कशासाठी, तर पंढरपुरातला मोकळा दिवस खर्ची घालून माझे दोनशे रुपये वाचवण्यासाठी. ज्या दिवसासाठी आजी निघाली होती, नेमका तोच दिवस मी खोडला होता. कोल्हापूर गेले, पासही गेला. आम्ही तिकिटे काढून निघालो.

आखणीबद्दल दोन-तीन गोष्टी अनुभवाने सांगतो. ज्या गावी उतराल तिथल्या चौकशीच्या खिडकीवर, सामान खाली ठेवण्यापूर्वी, पुढच्या गाडीची वेळ विचारून घ्यावी. घरून लिहून आणलेल्या वेळा म्हणजे अंदाज. एका स्थानकावर मी वहीवर विसंबलो आणि आमची गाडी वीस मिनिटे आधीच निघून गेलेली. दोन तास आजी बोचक्यावर बसून होती. आडगावची मुक्कामी गाडी पहाटे परत निघते, ती सापडली तर दिवस हाती राहतो. ती चुकली तर मात्र दुपार होते. गाडी बदलायची ती मोठ्या स्थानकावर बदलावी, कारण तिथे एक गेली तर दुसरी असते. म्हाताऱ्या माणसाबरोबर सलग चार तासांहून अधिक बसू नये. आणि पासधारकांनी हे विसरू नये की पास म्हणजे भाडे, जागा नव्हे. जागा हवी तर आरक्षणाचा आकार भरून ती आधी धरावी लागते. रात्रीच्या गाडीत उभे राहून ‘कोठेही’ जाण्याची हौस फार टिकत नाही.

मग हा पास कुणाच्या कामाचा? माझ्या मते आपल्याच. आपण राज्याच्या पूर्वेच्या टोकाला राहतो. वर्ध्याहून पुणे साडेसहाशे किलोमीटरच्या घरात. नुसते जाऊन आले तरी तेराशे होतात आणि चार दिवसांच्या पासात आठशे रुपये वाचतात. एकटा, धडधाकट, रात्री बसमध्ये झोपू शकणारा मुलगा असेल तर मुक्कामाचाही खर्च वाचतो. हाच पास पुण्याकडचा मुलगा आजूबाजूचे गड पाहण्यासाठी काढेल तर बहुधा तोट्यात जाईल.

पंढरपुरात आम्ही एकादशी टाळून गेलो होतो, तरी रांग होती. आजी रांगेत उभी राहिली, पायावर डोके ठेवले, आणि बाहेर येऊन रुक्मिणीच्या देवळाकडे वळली. “आमच्याकडची हाय ते,” असे तिने शेजारच्या अनोळखी बाईला सांगितले. दुपारभर ती चंद्रभागेच्या वाळवंटात बसली होती. कोल्हापूरच्या बेतात ही दुपार आम्ही गाडीत काढली असती.

परत आल्यावर वही मिळवली. माझी तिकिटे मांडलेल्या हिशोबापेक्षा थोडी वर गेली, तरी पासाच्या आतच राहिली. आजीने आपली शून्य रुपयांची सगळी तिकिटे बटव्यात घडी करून ठेवली आहेत. कंडक्टरने पैसे का घेतले नाहीत हे तिला अजून पटलेले नाही. पासाचा बेत वहीत तसाच आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि तो मित्र पुण्याला निघणार आहोत, तेव्हा चार दिवसांचे दोन पास काढू.