विश्लेषण : सीमेवरचे जवान, अवकाशातली दुर्बीण, मोबाइलमधले अ‍ॅप... ‘डिप्लॉयमेंट’ म्हणजे नेमके काय?

सीमेवर जादा कुमक ‘डिप्लॉय’ झाली, उपग्रहाचे सौरपंख ‘डिप्लॉय’ झाले, अ‍ॅपची नवी आवृत्ती ‘डिप्लॉय’ झाली. एकाच दिवसाच्या बातम्यांत हा शब्द तीन ठिकाणी भेटतो आणि तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा असतो. तो समजून न घेतल्यास बातमीचाच अर्थ चुकतो. तैनाती झाली म्हणजे युद्ध सुरू होणार का? उपग्रह सोडला म्हणजे मोहीम फत्ते झाली का? आणि मित्राच्या फोनमध्ये आलेली सुविधा आपल्या फोनमध्ये का नाही?

शब्दाचा मूळ अर्थ काय?

लॅटिनमध्ये ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणे. त्याला ‘डिस्’ हा उपसर्ग लागून घडी उलगडणे, पसरणे असा अर्थ झाला. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि अठराव्या शतकात लष्करी शब्द म्हणून रुळला. तेव्हाच्या फौजा रस्त्यावरून लांबलचक रांगेत चालत. शत्रू समोर आला की ही रांग आडवी पसरून लढाईची फळी उभी राही. हे पसरणे म्हणजे डिप्लॉयमेंट.

मराठीतला ‘तैनात’ हा शब्द अरबी-फारसीतून आला. त्यात उलगडण्यापेक्षा नेमून देण्याचा भाव आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याला कडवट संदर्भही आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला आणि ‘तैनाती फौज’ स्वीकारली. किमान सहा हजार पायदळ पेशव्यांच्या मुलखात कायमचे राहणार होते आणि त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये उत्पन्नाचा प्रदेश तोडून द्यावा लागला. फौज कोठे उभी आहे, याइतकेच ती कोणाच्या हुकमाने उभी आहे, हेही महत्त्वाचे असते, हा या तहाचा धडा.

लष्करात तैनाती कशाला म्हणतात?

येथे चार शब्दांची गल्लत होते. जवानाची एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारी बदली ही नेमणूक. युद्धाच्या शक्यतेने माणसे, दारूगोळा, वाहने, इंधन गोळा करणे ही जमवाजमव. हे सारे ठरलेल्या जागी, ठरलेल्या कामासाठी सज्ज करणे ही तैनाती. आणि प्रत्यक्ष गोळी झाडणे ही कारवाई. पोलिसांच्या भाषेतला ‘बंदोबस्त’ तैनातीच्याच जवळचा. गणेशोत्सवात बंदोबस्त लागला म्हणजे गडबड झालीच असे नव्हे. ती होऊ नये म्हणून माणसे उभी केली, इतकाच त्याचा अर्थ.

तैनातीला लागणारा वेळ निर्णायक ठरतो. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाल्यानंतर भारताने ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू केले. मात्र देशाच्या अंतर्भागातील आक्रमक सैन्यदले सीमेवर पोहोचण्यास सुमारे तीन आठवडे लागले. दरम्यान पाकिस्तानने आपली फौज उभी केली आणि आंतरराष्ट्रीय दबावही वाढला. सुमारे दहा महिने सैन्य सीमेवर राहिले, युद्ध झाले नाही आणि ऑक्टोबर २००२ मध्ये माघारीचा निर्णय झाला. त्यानंतर कमी वेळात हल्ला करू शकणाऱ्या लहान तुकड्यांची ‘कोल्ड स्टार्ट’ ही संकल्पना चर्चेत आली.

याउलट जून २०२० मधील गलवान संघर्षानंतर हवाई दलाने पूर्व लडाखमध्ये ६८ हजारांहून अधिक जवान, सुमारे ९० रणगाडे आणि ३३० च्या आसपास चिलखती वाहने विमानांतून पोहोचवल्याची माहिती संरक्षण क्षेत्रातील सूत्रांनी २०२३ मध्ये दिली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये देपसांग आणि डेमचोक येथे समोरासमोरचे सैनिक मागे घेण्याबाबत चीनशी समझोता झाला. पण समोरासमोरून हटणे म्हणजे तैनाती संपणे नव्हे. मागच्या तळांवर आणलेले सैन्य शांतताकाळातील ठाण्यांवर परतते, तेव्हाच ती संपते.

अण्वस्त्रांच्या आकड्यांतही हा फरक का पाहावा?

स्टॉकहोम येथील ‘सिप्री’ या संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२४ मध्ये जगात १२ हजार १२१ अण्वस्त्रे होती. त्यांपैकी ‘तैनात’ होती सुमारे ३ हजार ९०४. म्हणजे क्षेपणास्त्रांवर चढवलेली किंवा वापरास सज्ज तळांवर ठेवलेली. बाकीची कोठारात किंवा मोडीत काढण्याच्या प्रतीक्षेत. अमेरिका आणि रशिया यांच्यात २०१० मध्ये झालेल्या ‘न्यू स्टार्ट’ करारातील १ हजार ५५० ही मर्यादाही केवळ तैनात अस्त्रांसाठी होती. कोठारातल्यांना ती लागू नव्हती. त्यामुळे ‘अमुक देशाकडे इतकी अण्वस्त्रे’ आणि ‘अमुक देशाची इतकी अण्वस्त्रे तैनात’ ही दोन वेगळी विधाने आहेत.

अवकाशात ‘डिप्लॉय’ काय होते?

येथे दोन अर्थ आहेत. पहिला, अग्निबाणाने उपग्रह कक्षेत सोडणे. १५ फेब्रुवारी २०१७ रोजी इस्रोच्या ‘पीएसएलव्ही-सी३७’ने एकाच उड्डाणात १०४ उपग्रह असे सोडले. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला ‘पीएसएलव्ही-सी३९’चे उष्णतारोधक कवच उघडलेच नाही. अग्निबाण कक्षेत पोहोचला, पण ‘आयआरएनएसएस-१एच’ हा उपग्रह कवचातच अडकून राहिला आणि मोहीम वाया गेली. उड्डाण झाले, डिप्लॉयमेंट झाली नाही.

दुसरा अर्थ शब्दाच्या मुळाशी जाणारा आहे : घडी घातलेले भाग उलगडणे. अग्निबाणाच्या टोकात जागा मर्यादित, म्हणून सौरपंख, अँटेना, लांब दांडे दुमडून ठेवतात. ‘आदित्य-एल१’ यानावरील चुंबकत्वमापकाचा सहा मीटर लांबीचा दांडा १३२ दिवस दुमडलेला होता. तो ११ जानेवारी २०२४ रोजी उघडण्यात आला.

या प्रकारातले सर्वात अवघड उदाहरण म्हणजे जेम्स वेब दुर्बीण. तिचा आरसा साडेसहा मीटर व्यासाचा आणि सूर्यकवच टेनिसच्या मैदानाएवढे. हे सारे ‘एरियन-५’ अग्निबाणाच्या सुमारे साडेपाच मीटर रुंदीच्या टोकात बसवायचे होते. त्यामुळे आरसा १८ तुकड्यांचा केला आणि कवच पाच पातळ थरांत दुमडले. २५ डिसेंबर २०२१ च्या उड्डाणानंतर दोन आठवडे ती टप्प्याटप्प्याने उलगडत गेली. ज्यातली एकही गोष्ट बिघडली तरी मोहीम धोक्यात येईल, अशा ३४४ जागा होत्या. दुर्बीण सुमारे १५ लाख किलोमीटरवर जाणार असल्याने दुरुस्तीला माणूस पाठवणेही शक्य नव्हते. ८ जानेवारी २०२२ रोजी आरशाचा शेवटचा भाग जागेवर बसला, तेव्हाच शास्त्रज्ञांचा जीव भांड्यात पडला.

प्रत्येक वेळी असे होत नाही. १९९१ मध्ये गुरू ग्रहाकडे निघालेल्या ‘गॅलिलिओ’ यानाची छत्रीसारखी मुख्य अँटेना पूर्ण उघडली नाही. मग लहान अँटेनावर काम भागवावे लागले आणि माहिती आकुंचित करणारे नवे सॉफ्टवेअर पृथ्वीवरून यानावर पाठवण्यात आले. एका डिप्लॉयमेंटचे अपयश दुसऱ्या प्रकारच्या डिप्लॉयमेंटने सावरले.

सॉफ्टवेअरमध्ये हा शब्द कशासाठी?

अभियंत्याने आपल्या संगणकावर लिहिलेला प्रोग्राम चाचण्यांनंतर ज्या सर्व्हरवरून किंवा फोनवरून लोक प्रत्यक्ष वापरतात तेथे नेऊन चालू करणे, म्हणजे डिप्लॉयमेंट. ‘रिलीज’ मात्र वेगळे. प्रोग्राम फोनमध्ये पोहोचलेला असतो, पण त्यातली नवी सुविधा बंद ठेवून नंतर सुरू करता येते. शिवाय कंपन्या नवी आवृत्ती आधी एक टक्का, मग दहा टक्के, मग सर्व वापरकर्त्यांना देतात. मित्राकडे सुविधा आली आणि आपल्याकडे नाही, याचे कारण बहुधा हेच. खाणीत विषारी वायूची चाहूल लागावी म्हणून कॅनरी पक्षी नेत, त्यावरून या पद्धतीला ‘कॅनरी’ म्हणतात.

ही काळजी न घेतल्यास काय होते?

१ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ या शेअर दलाली कंपनीने नवा प्रोग्राम आठपैकी सातच सर्व्हरवर बसवला. आठव्यावरचा जुना, वापरातून गेलेला भाग अचानक जागा झाला आणि भराभर चुकीचे व्यवहार करू लागला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीने ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले.

१९ जुलै २०२४ चा प्रसंग भारतीयांनीही अनुभवला. ‘क्राउडस्ट्राइक’ या सायबर सुरक्षा कंपनीने एक सदोष फाइल जगभर एकदमच पाठवली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण बंद पडलेले संगणक ही दुरुस्ती स्वीकारू शकत नव्हते. बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रापाशी जाऊन फाइल काढावी लागली. त्यानंतर कंपनीने अशा फाइलीही टप्प्याटप्प्याने पाठवण्याचे जाहीर केले.

तिन्हींत साम्य आणि फरक कोणता?

साम्य हे की, तिन्हीकडे तयारी संपून जबाबदारी सुरू होते. फरक मागे फिरण्यात आहे. सैन्य परत बोलावता येते, पण त्याला महिने लागतात आणि राजकीय किंमत मोजावी लागते. सॉफ्टवेअर मागे घेणे सोपे वाटते, पण नुकसान त्याआधीच झालेले असू शकते. अवकाशात दुसरी संधी क्वचितच मिळते. म्हणून ‘तैनात’ किंवा ‘डिप्लॉय’ असे वाचले की तीन गोष्टी पाहाव्यात : ते केवळ निघाले आहे की जागेवर पोहोचले, पोहोचून कामाला लागले का, आणि चूक झालीच तर मागे घेण्याची सोय आहे का. बातमीचे गांभीर्य या तीन उत्तरांवर ठरते.