रात्रपाळीचा डोंगर

आल्प्समध्ये संध्याकाळी स्कीचे उतार बंद झाले, की बर्फ सपाट करणारी ग्रूमर यंत्रे डोंगर चढू लागतात. पुढचे पाते दिवसभरात झालेले उंचवटे कापते, मागचा फिरता दंडगोल गोठलेली ढेकळे फोडतो. काम रात्रीच करण्यामागे कारण आहे: दाबलेल्या बर्फाचे कण एकमेकांना घट्ट धरायला काही तास लागतात.

तीव्र चढावर यंत्र पोलादी दोराने वर बांधतात. सुमारे हजार मीटरचा हा दोर ताणला गेला की बर्फातून अचानक उसळतो. अंधारात तो दिसतच नाही. बंद उतारावर शिरलेल्या स्कीपटूंचे त्याने जीव घेतले आहेत.

‘पिस्टनबुली’ हे जर्मन ग्रूमर यंत्र १९६९ मध्ये आले. त्याआधी, १९५०च्या दशकात, कोलोरॅडोतील विंटर पार्कमध्ये स्टीव्ह ब्रॅडली यांनी बनवलेले सपाटीकरणाचे अवजार स्कीपटूच उतारावरून खाली नेत, इंजिनाशिवाय!