सा जागच्या जागी, गंधार पायाखाली

बियॉन्सेला ग्रॅमी मिळाल्यावर आठवडाभर जे छापून आलं, ते बहुतेक एकाच वादाभोवती फिरलं: ‘काउबॉय कार्टर’ला कंट्री म्हणायचं का, आणि ते ठरवणारे तुम्ही कोण? कंट्री अल्बमचा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलाकार. तेव्हा वाद होणारच होता आणि तो व्हायलाही हवा. पण याच अल्बममधल्या ‘सिक्स्टीन कॅरेजेस’मध्ये गायिकेच्या पाठीमागे जे वाद्य हंबरतं, त्याच्याबद्दल कोणी ओळभरही लिहिलं नाही. ते वाजवलंय रॉबर्ट रँडॉल्फने, आणि ते आहे पेडल स्टील गिटार. पुरस्कार जाहीर होण्याच्या दोनच दिवस आधी, ३१ जानेवारी २०२५ला, सुझन अल्कॉर्न गेली. ह्यूस्टनच्या कंट्री बँडांमध्ये उमेदवारी करून याच वाद्यावर पुढे मेसियाँ आणि पियाझोला यांच्या रचना वाजवणारी बाई. तिची बातमी तर आपल्याकडे पोचलीच नाही. म्हणून आज वाद्याबद्दल.

आधी एक गैरसमज दूर करू. जुन्या हिंदी गाण्यांच्या धून वाजवलेल्या तबकड्या ज्यांच्या घरात होत्या, त्यांना हजारासिंग, व्हॅन शिपले, कोलकात्याचे सुनील गांगुली ही नावं आठवतील. (शिपलेंबरोबर अ‍ॅकॉर्डियनवर पुण्याचे इनॉक डॅनियल्स असत.) या गिटारवादकांची ती हवाईयन गिटार, पेडल स्टील नव्हे. पोलादी बार तारेवरून सरकवायचा, सूर घसरत जातो, मींड आयती मिळते. विश्वमोहन भट्टांची मोहनवीणा याच घराण्यातली. पेडल स्टील ही तिची पुढची पिढी असली, तरी करामत वेगळी आहे. बार सरकवला की त्याच्याखालच्या सगळ्या तारा एकदम चढतात किंवा एकदम उतरतात. सरळ दांडा तो, दुसरं काय करणार? एक सूर जागेवर ठेवून शेजारचा हलवायचा असेल, तर हाताने ते फार थोड्या वेळा साधतं. तिथे पाय कामाला आले.

सरगममध्ये सांगतो. बार एका जागी धरला आणि तीन तारा छेडल्या: सा, ग, प. आता डाव्या पायाने दोन पेडलं दाबली. पंचम चढून धैवतावर गेला, गंधार चढून मध्यमावर गेला, आणि सा होता तिथेच राहिला. सा-ग-पचं सा-म-ध झालं, तेही तारा वाजत्या असताना, मधे कुठेही न तुटता. तीन गवय्यांनी एकदम आ लावावा, त्यातला एक स्थिर राहावा आणि बाकीच्या दोघांनी मींड घेत दुसऱ्या सुरावर जावं, असा तो परिणाम. कंट्रीचं माहेर असलेल्या नॅशव्हिलच्या गाण्यांत जो ‘रडणारा’ आवाज म्हणतात, तो निम्म्याहून अधिक एवढाच आहे.

इतिहास उरकतो, कारण तो कुठेही सापडेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाईत जोसेफ केकुकूने गिटार आडवी घेतली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला रिकनबॅकरने तिला वीज दिली. १९४८ साली कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबीने वादक स्पीडी वेस्टला पेडलवाली स्टील बनवून दिली. पण पेडल तेव्हा दोन गाण्यांच्या किंवा दोन स्वरसंगतींच्या मधे तारांची लावणी बदलण्याची सोय म्हणून असायचं. १९५४मध्ये वेब पियर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि अमेरिकेतल्या प्रत्येक स्टीलवादकाला आपल्या वाद्याखाली काहीतरी खटपट करून दांड्या जोडाव्याशा वाटू लागल्या.

यानंतरची गोष्ट जवळपास एकट्या माणसाची आहे, आणि मी त्याला जास्त जागा देणार आहे. बडी एमन्स. इंडियानाचा पोरगा, अठराव्या वर्षी नॅशव्हिलमध्ये लिटल जिमी डिकन्सच्या बँडमध्ये. आयझॅक्सच्या एका पेडलने दोन सूर एकदम चढायचे. एमन्सने ते काम दोन पेडलांत वाटून टाकलं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण त्यामुळे गंधार आणि पंचम यांना स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गतीने हलवता येऊ लागलं. पुढे १९६२मध्ये त्याने वरच्या बाजूला दोन तारा वाढवल्या आणि मधल्या रिकाम्या सुरांची उणीव भरून काढली. आज जगभर ‘ई-नाइन्थ’ म्हणून दहा तारांची जी लावणी शिकवली जाते, तिच्यावर एवढा मोठा हात दुसऱ्या कुणाचा नाही.

वादक म्हणून तो मोठा होताच. त्याचं वेगळेपण हे, की त्याला अवजारांची अक्कल होती. शॉट जॅक्सनबरोबर त्याने ‘शो-बड’ ही कंपनी सुरू केली. तिथे मनासारखं होईना, तेव्हा १९६३मध्ये तो बाहेर पडला आणि रॉन लॅशलीबरोबर नॉर्थ कॅरोलिनातल्या बर्लिंग्टनला ‘एमन्स गिटार कंपनी’ उभी राहिली. त्या कारखान्यातून आलेल्या वाद्याला लोक ‘पुश-पुल’ म्हणतात. स्टीलच्या आवाजाबद्दल आजही कुठेही वाद पेटला, तर तो फिरून याच वाद्यापाशी येतो.

कारण पुश-पुलचा चेंजर, म्हणजे तारांचा ताण बदलणारी यंत्रणा. वादकाच्या उजव्या हाताला, जिथे तारा संपतात, तिथे प्रत्येक तारेखाली अ‍ॅल्युमिनियमचा एक गोल माथ्याचा तुकडा असतो. त्याला ‘फिंगर’ म्हणतात. पेडल दाबलं की सळई हलते, सळईने फिंगर कलतो, तार ताणली जाते किंवा सैल होते. पुश-पुलमध्ये पेडलवर पाय नसताना हा फिंगर वाद्याच्या अंगाशी जोडलेल्या थांब्यावर घट्ट टेकलेला असतो. तारेचं कंपन थेट मेपलच्या लाकडात उतरतं, असं तिचे भक्त सांगतात. आवाज काचेसारखा स्वच्छ, पण पोकळ नाही. मात्र ही यंत्रणा लावणं म्हणजे शिक्षा. एक बदल नीट केला की दुसरा बिघडतो, आणि बऱ्याच दुरुस्त्यांसाठी अख्खं वाद्य उलटं करावं लागतं.

म्हणून पुढच्या बनवणाऱ्यांनी ‘ऑल-पुल’ स्वीकारली. सगळ्या सळया एकाच दिशेला ओढायच्या, फिंगर स्प्रिंगांच्या ताणावर समतोल धरतो, आणि प्रत्येक बदलाचा सूर वाद्याच्या टोकाशी असलेल्या नायलॉनच्या छोट्या नटाने बाहेरूनच लावता येतो. आज नवी पेडल स्टील घ्यायला गेलात, तर जवळपास नक्की हीच यंत्रणा मिळेल. व्यावसायिक दर्जाचं वाद्य असेल तर चार हजार डॉलर मोजायची तयारी ठेवावी लागते, आणि ही वाद्यं छोट्या कार्यशाळांत हातानेच जोडली जात असल्याने थांबायचीही.

नवीन वाद्याच्या जाहिरातींत दोन गोष्टी हमखास असतात: वजन कमी आणि ‘कॅबिनेट ड्रॉप’ जवळपास शून्य. वजनाचं समजू शकतो. जुनं दोन मानांचं (‘डबल-नेक’) वाद्य पेटीसह तीस किलोच्या पुढे जातं. ते जिन्यावरून चढवणाऱ्याच्या पाठीला विचारा. दुसरी बाब मात्र खरोखर रंजक आहे. दहा तारांचा मिळून ताण शंभर किलोच्या वर असतो. दोन पेडलं दाबली की काही तारांचा ताण अचानक वाढतो, लाकडी अंग केसभर वाकतं, आणि ज्या तारांना हातही लावलेला नाही त्या किंचित उतरतात. बाजेचा एक सुंभ कचकन ओढला की शेजारचे ढिले पडतात, तसं. म्हणजे वर ज्या सा-ला मी स्थिर म्हटलं, तो काटेकोर पाहिलं तर स्थिर नसतोच.

यावर उपाय बरेच निघाले. अंगाचं लाकूड जाड करा, खालून धातूचा आधार द्या, उतरणारी तार वेगळ्या सळईने तेवढीच वर ओढा. टेक्सासच्या एमएसए कंपनीने या शतकाच्या सुरुवातीला ‘मिलेनियम’ काढली आणि लाकूडच रद्द करून कार्बन फायबरचं अंग दिलं. हलकं, न वाकणारं, हवामानाने न बदलणारं. कागदावर यात खोट काढायला जागा नाही. तरीही स्टुडिओतली अनुभवी मंडळी साठ-सत्तरच्या दशकातल्या काळ्या पुश-पुलच्या शोधात फिरतात, हे कसं?

माझं मत असं की, बनवणारे एका प्रश्नाचं उत्तर देताहेत आणि वादक दुसराच विचारताहेत. बनवणारे अचूकतेबद्दल बोलतात: पेडल सोडलं की सूर नेमक्या जागी परत येतो का, पेडलसारखीच सूर बदलणाऱ्या गुडघ्याच्या दांडीला किती अंतर जावं लागतं, किती हलकेपणाने. या बाबतीत आजची साधारण स्टीलही १९६५च्या उत्तम स्टीलपेक्षा सरस आहे, यात वाद नको. वादक विचारतो आवाजाबद्दल. आणि तिथे मेपल की कार्बन, अ‍ॅल्युमिनियमची मान की लाकडाची, लॅकर की फॉर्मायका (हो, स्वयंपाकघरातल्या ओट्यावरचाच फॉर्मायका) यांवर जी पानंच्या पानं खर्ची पडतात, ती वाचून मला तरी थोडं हसू येतं. पिकअप बदला, अ‍ॅम्प्लिफायर बदला. याने जो फरक पडतो, तो लाकडाच्या फरकाला सहज झाकून टाकतो. जुन्या पिढीने पीव्हीचा ‘सेशन ४००’ आणि नंतर ‘नॅशव्हिल ४००’ उगीच डोक्यावर घेतला नव्हता.

आणि मग उजवा पाय. तो सतत व्हॉल्यूम पेडलवर असतो. तार छेडतानाचा टणका दाबायचा, आणि आवाज विरू लागला की पेडल हळूहळू पुढे न्यायचं. ऐकणाऱ्याला सूर न संपणारा वाटतो. डाव्या हाताचं बारवरचं वजन, त्यामागच्या बोटांनी तारा दाबून अनावश्यक गुंजन बंद करणं, उजव्या तळव्याने तार छेडताक्षणी मोकळी करणं. नव्या वाद्याच्या ध्वनिफितीत तुम्ही जे ऐकता, त्यात या सगळ्याचा हिशेब कंपनी देत नाही. चांगला वादक बसवला की मधल्या दर्जाचं वाद्यही गोड लागतं. ग्राहक वाद्य घरी आणतो, वादक मात्र त्याच्याबरोबर येत नाही.

ऑल-पुलच्या नटांनी मात्र एक असं स्वातंत्र्य दिलं, ज्याची मराठी वाचकाला सगळ्यात जास्त गंमत वाटायला हवी. पियानोवरचा गंधार समविभागी असतो, सा-पासून ४०० सेंटवर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). तंबोऱ्याच्या खरजात जो आपोआप ऐकू येतो, तो ३८६च्या आसपास. चौदा सेंटांचा हा फरक धावत्या गाण्यात पचून जातो; पण स्टीलवर तिन्ही सूर चार-चार सेकंद लांबवले की चढा गंधार खुपतो. तेव्हा नॅशव्हिलचे वादक, ज्यांनी तंबोरा बहुधा पाहिलाही नसेल, गंधार उतरवून लावू लागले. शिक्षक जेफ न्यूमन यांनी कुठली तार किती उतरवायची याचा तक्ताच करून दिला, आणि तो पाठ्यपुस्तकासारखा चालला. पेडल दाबल्यावर येणारा नवा सूरही वेगळा लावता येत असल्याने, एकाच तारेची मोकळी श्रुती एक आणि पेडलवरची दुसरी, असं शक्य झालं.

विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी ई. क्लेमेंट्स, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साक्ष काढत, बावीस श्रुतींची पेटी घडवायच्या मागे लागले होते. पट्टीच्या वाद्यात ते अवघडच होतं, आणि ती पेटी मैफलीत रुळली नाही. इथे दहा तारा, तीन पेडलं आणि चार-पाच गुडघ्याच्या दांड्या असलेल्या यंत्राने, कोणताही सिद्धान्त न मांडता, तडजोडीने ते बरंचसं साधलं. तडजोडीने म्हणतो, कारण बँडमधला पियानो आणि बेस समविभागीच राहतात; उतरलेला गंधार त्यांच्याशी कधीकधी भांडतो. स्वतः एमन्स पुढे समविभागी लावणीकडे वळला, आणि त्यावरून त्याच्याच चाहत्यांत दोन तट पडले. माझा कौल उतरलेल्या गंधाराला आहे. आमचे कान तंबोऱ्याखाली तयार झालेले, त्याला इलाज नाही.

आता पुन्हा रँडॉल्फकडे. तो नॅशव्हिलचा नाहीच. न्यू जर्सीतला, ‘हाउस ऑफ गॉड’ या कृष्णवर्णीय पेंटेकोस्टल चर्चमध्ये वाढलेला. तिथे १९३०च्या दशकापासून ऑर्गनची जागा स्टीलने घेतली. ट्रोमन आणि विली ईसन हे भाऊ तिचे आद्य वादक. विली तारेवर चक्क प्रवचन देणाऱ्याचा, गाणाऱ्या बायकांचा आवाज काढायचा. बाहेरच्या जगाला या परंपरेचा पत्ता १९९७ साली आरहूली या ध्वनिमुद्रण कंपनीने ‘सेक्रेड स्टील’ ही तबकडी काढली तेव्हा लागला. यांचं वाद्य यंत्र म्हणून तेच, सूर मात्र पार वेगळा. नॅशव्हिलचा वादक स्वच्छ आवाजासाठी जिवाचं रान करतो. हे लोक अ‍ॅम्प्लिफायर फाटेपर्यंत चढवतात, वरच्या एकाच तारेवर बार थरथरवतात आणि गर्दी उठून उभी राहीपर्यंत सोडत नाहीत. रँडॉल्फ तर दहाऐवजी तेरा तारांची पेडल स्टील वाजवतो. त्याच्या हातात कॅबिनेट ड्रॉप दोन सेंटांचा की चारचा, हे विचारायला कोणी थांबत नाही.

नवं वाद्य बनवणाऱ्यांनी खरं तर इकडे लक्ष द्यायला हवं. गेली साठ वर्षं प्रत्येक नवी स्टील एका गोऱ्या, नॅशव्हिली, १९६०च्या दशकातल्या आवाजाशी ताडून पाहिली जाते. एमन्सने स्वतःच्या काळात असं काही केलं नव्हतं. त्याने ऐकू येत नव्हता तो सूर शोधला आणि त्यासाठी दोन तारा वाढवल्या. अल्कॉर्नने कंट्रीचं वाद्य घेऊन मेसियाँचं कोरसगीत वाजवलं. ब्रायन ईनोच्या १९८३च्या ‘अपोलो’ या अल्बममध्ये डॅनियल लान्वाची स्टील अंतराळातून आल्यासारखी वाजते. या तिघांपैकी कोणालाही कंपनीच्या माहितीपत्रकातला ‘अस्सल जुना आवाज’ हवा नव्हता. यापुढची स्टील जर फाटक्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी, तेरा तारांसाठी, गुडघ्याच्या आणखी दोन दांड्यांसाठी आखली गेली, तर मी तिच्या वजनाचा आणि कॅबिनेट ड्रॉपचा आकडा न वाचताच ती ऐकायला जाईन.