आपल्या व्हॅनचे नाक



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेची पिवळी व्हॅन चार दिवस का आली नाही, अशी विचारणा बऱ्याच पालकांनी केली. त्या चार दिवसांत मुलांची ने-आण तुम्हीच केलीत, त्याबद्दल प्रथम आभार. व्हॅनला काय झाले होते हे मीही त्या निमित्ताने शिकलो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून, तेही कला शाखेचे. त्यामुळे विज्ञानाच्या शिक्षकांनी हा लेख दोनदा तपासला आहे, हे आधीच सांगतो.

आपली व्हॅन २०१७ सालची, पेट्रोलवर चालणारी. आजपर्यंत ती सुमारे १ लाख ९० हजार किलोमीटर धावली आहे. ऑक्टोबरात तिच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला आणि विझेना. व्हॅनकाकांनी वहीत नोंद केली होती की लिटरला साडेतेरा किलोमीटर जाणारी गाडी आता जेमतेम साडेदहा जाते. (ही वही ते न चुकता लिहितात. आमच्या काही शिक्षकांच्या टाचण-वह्यांबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलू शकत नाही.) मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलांनी धुराला कच्च्या पेट्रोलचा वास येतो असे सांगितले होते, पण त्याकडे आम्ही लक्ष दिले नाही. ती चूक माझी.

शहरातील एका वर्कशॉपने गाडीला स्कॅनर लावला आणि दोन्ही ऑक्सिजन सेन्सर व सायलेन्सरमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलावे लागतील, असे सांगून ३५,००० रुपयांच्या पुढचे अंदाजपत्रक हातात दिले. कार्यकारिणीच्या बैठकीत प्रश्न साहजिकच निघाला की एवढा खर्च करण्यापेक्षा गाडी विकून टाकू. पण गाडी विकली तर नवी येईपर्यंत बावीस मुलांचे काय? त्यांतल्या काहींच्या घरी आई-वडील दोघेही सकाळी सातला कामाला निघतात. वाहन शुल्क वाढवावे लागले असते ते वेगळेच. म्हणून निर्णय आठवडाभर पुढे ढकलला आणि आपल्या सातवीतील एका विद्यार्थ्याच्या वडिलांना गाडी दाखवली. त्यांचे ट्रान्सपोर्ट नगरात गॅरेज आहे.

आता मूळ विषय. १ किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा कमी पडली तर पेट्रोल अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइड वाढतात. कन्व्हर्टरच्या आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. तो या विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर करतो, पण मिश्रण या प्रमाणाच्या अगदी जवळ असेल तरच. प्रमाण राखण्याचे काम गाडीतला छोटा संगणक करतो. मात्र त्याला धुराचा वास घेता येत नाही. त्याचे नाक म्हणजे ऑक्सिजन सेन्सर.

हा सेन्सर दिसायला स्पार्क प्लगसारखा असतो. आत झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी, तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा मुलामा. एका बाजूला बाहेरची हवा, जिच्यात २१ टक्के ऑक्सिजन असतो, आणि दुसऱ्या बाजूला धूर. झिर्कोनिया तापला की त्यातून ऑक्सिजनचे आयन सरकू लागतात आणि दोन बाजूंच्या फरकानुसार विजेचा दाब तयार होतो. धुरात ऑक्सिजन उरलाच नसेल, म्हणजे पेट्रोल जास्त असेल, तर सुमारे ०.९ व्होल्ट. ऑक्सिजन उरला असेल तर ०.१ व्होल्ट. बारावीच्या रसायनशास्त्रात नर्न्स्टचे समीकरण असते, तेच इथे गाडीखाली लटकलेले आहे. संगणक हा आकडा पाहून पेट्रोल किंचित कमी, किंचित जास्त करत राहतो, आणि हे सेकंदा-दोन सेकंदाला चाललेले असते. बॉश कंपनीने हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या मोटारींसाठी प्रथम बाजारात आणला.

अडचण एवढीच की सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या खाली झिर्कोनिया गप्प बसतो. म्हणून सेन्सरच्या पोटात एक छोटा हीटर असतो. तो बिघडला तर सेन्सर तापायला वेळ लागतो आणि तोवर संगणक अंदाजाने पेट्रोल सोडतो. आपली व्हॅन दर दोन-तीन मिनिटांनी एका मुलासाठी थांबते. तिचा सायलेन्सर नीट तापतच नाही. हायवेवर धावणाऱ्या गाडीला हीटर गेल्याचा जेवढा त्रास होतो, त्याच्या कितीतरी पट जास्त आपल्या व्हॅनला होणार हे उघड आहे.

गॅरेजवाल्या पालकांच्या स्कॅनरवर पी ०१३५ हा कोड आला. त्याचा अर्थ पुढच्या सेन्सरच्या हीटरच्या सर्किटमध्ये दोष. ते म्हणाले, "सर, कोड रोग सांगत नाही, कुठे दुखतंय एवढंच सांगतो." त्यांनी आधी फ्यूज पाहिला, तो शाबूत होता. मग सेन्सरचा प्लग काढून गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का ते तपासले, येत होते. शेवटी सेन्सरच्या हीटरच्या दोन तारांना मल्टिमीटर लावला. तिथे काही ओहमचा रोध दिसायला हवा होता. काहीच दिसले नाही, म्हणजे आतली तार तुटलेली. दहा मिनिटांचे काम. वायरिंगमध्ये दोष असता तर नवा सेन्सर घालूनही दिवा पुन्हा लागला असता.

सेन्सर काढणे मात्र सोपे नव्हते. इतकी वर्षे तापून आटे जाम झाले होते. गंज सोडवणारे तेल लावून रात्रभर ठेवले, सकाळी इंजिन थोडे कोमट करून बावीस नंबरच्या खाचेच्या सॉकेटने तो हळूहळू सोडवला. साध्या पान्याने हिसका दिला असता तर आटेच निघाले असते आणि मॅनिफोल्ड बदलावा लागला असता. जुन्या सेन्सरच्या टोकावर काजळी साचली होती. नव्याच्या आट्यांना जाम न होऊ देणारे वंगण बारीक लावले, टोकाला नाही. टोकाला वंगण किंवा सिलिकॉन लागले तर सेन्सर वाया जातो. काही मेकॅनिक जुन्या तारा कापून दुसऱ्याच गाडीचा सेन्सर जोडून देतात. आम्ही प्लगसकट त्याच गाडीचा घेतला.

कन्व्हर्टरचे काय, हा प्रश्न विश्वस्तांनी विचारला आणि तो योग्यच होता. कन्व्हर्टरच्या मागे दुसरा सेन्सर असतो, तो कन्व्हर्टर काम करतो की नाही यावर लक्ष ठेवतो. नवा सेन्सर बसवल्यावर स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचा आकडा ०.१ ते ०.९ असा उड्या मारत होता आणि मागचा ०.७ च्या आसपास शांत होता. मागचाही तसाच उड्या मारू लागला असता तर कन्व्हर्टर गेला असे समजले असते. ही परीक्षा पुढचा सेन्सर ठीक केल्यावरच घेता येते. उलट क्रमाने, म्हणजे आधी नवा कन्व्हर्टर आणि पेट्रोल जास्तच, असे केले असते तर नवाही लवकर खराब झाला असता. मागच्या सेन्सरला आम्ही हात लावलेला नाही.

आपल्या अनेक पालकांचा मालवाहतुकीचा व्यवसाय आहे, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. सीएनजीवर चालणाऱ्या छोट्या ट्रकला हाच सेन्सर असतो आणि दीड-दोन लाख किलोमीटरनंतर तो सुस्त होतो. दिवा न लागताही अॅव्हरेज घसरू लागते. अशा वेळी एकदा स्कॅनरवर त्याच्या उड्या पाहून घ्याव्यात. मोठ्या डिझेल ट्रकचे गणित वेगळे. डिझेल इंजिनात हवा नेहमी जास्तच असते, त्यामुळे असा सेन्सर तिथे उपयोगाचा नाही. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ ट्रकना नायट्रोजन ऑक्साइड मोजणारे सेन्सर असतात. तेही झिर्कोनियाचेच, पण बरेच महाग. तो बिघडला तर गाडीची ताकद कमी होते. तिथेही आधी वायर आणि प्लग तपासावेत.

एकूण खर्च सेन्सर व मजुरीसह ४,६०० रुपये झाला. बिल कार्यालयात आहे, कोणाही पालकाला पाहता येईल. पीयूसी तपासणीत व्हॅन पास झाली असून व्हॅनकाकांच्या वहीत १३.२ चा आकडा आला आहे. जुना सेन्सर प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला आहे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर मागून पाहावा. गेल्या आठवड्यात कोणीतरी त्याची टोपी उघडण्याचा प्रयत्न केलेला दिसतो. त्याने मला येऊन भेटावे, रागावणार नाही. आत काय दिसले ते मलाही पाहायचे आहे.

आपला,
मुख्याध्यापक