फिश टँक : आधी वनस्पती, मग मासे



आपल्या बिदर-कलबुर्गी भागात फिश टँक बहुधा नातवंडांच्या हट्टाने घरात येतो आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर माळ्यावर जातो. दुपारी वीज जाते, फिल्टर थांबतो, पाणी तापते आणि मासे दगावतात. 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 35 अंशांना तो 7 च्या खाली येतो. माशांची प्राणवायूची गरज मात्र उष्णतेने वाढते.

यावर उपाय म्हणजे दाट वनस्पतींचा टँक. अमेरिकेतील डायना वॉलस्टॅड यांनी 1999 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात ही पद्धत सविस्तर मांडली. माशांच्या शरीरातून अमोनिया बाहेर पडतो. तो त्यांना विष, पण वनस्पतींना खत. वनस्पती भरपूर असतील तर फिल्टरचे बरेचसे काम त्याच करतात, आणि त्यांना वीज लागत नाही.

मांडणी. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक पुरे. त्यात सुमारे 50 लिटर पाणी मावते. माती, वाळू व काच धरून वजन 70-80 किलो होते, म्हणून टेबल भक्कम हवे. तळाशी एक इंच चाळलेली माती घालावी. कलबुर्गीकडची काळी माती फुगते व पाणी गढूळ करते; बिदरची लाल माती बरी, तिच्यात लोहही असते. शेणखत, रासायनिक खत अजिबात नको. मातीवर एक इंच जाड धुतलेली वाळू पसरावी आणि बशी ठेवून तिच्यावर हळू पाणी सोडावे. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

वनस्पती. शाळेत प्रयोगाला वापरायचो ती हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि हॉर्नवर्ट या तिन्ही आपल्या बोअरच्या जड पाण्यात छान वाढतात. पहिल्याच दिवशी तळाचा तीन चतुर्थांश भाग भरून टाकावा. जागा मोकळी राहिली तर तिथे शेवाळ धरते. टँक उन्हात ठेवू नये. एलईडी दिवा सकाळी चार-पाच तास, दुपारी विश्रांती, संध्याकाळी पुन्हा चार तास लावावा.

मासे. तीन आठवडे थांबावे आणि दर आठवड्याला एक तृतीयांश पाणी बदलावे. दुकानातल्या किटने तपासून अमोनिया शून्य दिसला की दोन-तीन गप्पी सोडावेत, पुढे हळूहळू आठ-दहापर्यंत न्यावेत. शक्यतो नरच घ्यावेत; एक मादी आणली तरी ती पोटात आधीच गर्भ घेऊन आलेली असू शकते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, म्हणून मासे कमीच बरे.

निगा. खाणे दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच. पाणी उडून जाते पण क्षार मागे राहतात. त्यामुळे बोअरचेच पाणी भरत राहिलो तर क्षार व्याजासारखे साचतात. भर घालताना आरओचे किंवा पावसाचे पाणी घ्यावे, महिन्यातून एकदा चतुर्थांश पाणी बदलावे. मुलांकडे पुण्याला किंवा हैदराबादला आठवडाभर जायचे असेल तर मोठे, निरोगी मासे खाण्यावाचून राहतात.

शेवटची विनंती महत्त्वाची. वाढलेल्या वनस्पती किंवा नको झालेले मासे कारंजा धरणात, शरणबसवेश्वर तलावात किंवा विहिरीत सोडू नका. जलपर्णीही शोभेसाठीच परदेशातून आली होती. काच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा आज आंध्र-तेलंगणातील मच्छीमारांची जाळी फाडतो आहे. जास्तीच्या वनस्पती कुंडीत खत म्हणून घाला, मासे दुसऱ्या सभासदाला द्या. त्या घरातही एक टँक उभा राहील.