कठड्यावर बसलेली एडमा

निळसर, संथ पाणी. पलीकडे घरांची रांग, उभ्या असलेल्या होड्या आणि पाण्यात थरथरणारी त्यांची प्रतिबिंबं. उजवीकडे दगडी कठड्यावर पांढऱ्या पोशाखातली एक तरुणी छत्री घेऊन बसलेली. नजर खाली, चेहरा दोन-चार फटकाऱ्यांत रंगवलेला. वाचनालयातल्या एका पुस्तकात मी हे चित्र पाहिलं आणि पान उलटायचं विसरूनच गेले. एवढ्या सुंदर जागी बसून ही इतकी गप्प का?

चित्राचं नाव 'लोरियाँचं बंदर'. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात, स्कॉर्फ नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. १८६९ सालच्या उन्हाळ्यात बर्थ मोरिझो हिनं हे चित्र काढलं. कठड्यावर बसलेली मुलगी म्हणजे तिची सख्खी बहीण, एडमा.

मैत्रिणींनो, खरी गोष्ट इथून पुढे आहे. या दोघी बहिणी बरोबरीनं चित्रं काढत. एडमा थोरली, बर्थ धाकटी. सुखवस्तू घर, त्यामुळे मुलींना चित्रकलेची शिकवणी लावलेली. पण मुलींची तयारी पाहून त्यांचे शिक्षक गिशार यांनी आईला सावध केलं होतं म्हणे, की या नुसत्या हौशी राहणार नाहीत, खऱ्या चित्रकार होतील आणि तुमच्यासारख्या घरात ते परवडायचं नाही! पॅरिसच्या सरकारी कलाशाळेचे दरवाजे तर मुलींना १८९७ पर्यंत बंदच होते. तरी या दोघी कोरो या नामवंत चित्रकाराकडे शिकल्या आणि १८६४ मध्ये दोघींची चित्रं पॅरिसच्या मानाच्या प्रदर्शनात लागली.

१८६९ मध्ये एडमाचं लग्न झालं. नवरा नौदलात अधिकारी. ती लोरियाँला गेली आणि तिचा ब्रश जवळजवळ सुटलाच. कुणी मारझोड केली नाही, कुणी रंग फेकून दिले नाहीत. संसार सुरू झाला, एवढंच! पण बर्थला लिहिलेल्या पत्रांतून तिची घालमेल कळते. मन सारखं त्या जुन्या चित्रशाळेत घुटमळतंय, असं ती कळवायची.

बर्थ तिला भेटायला गेली, तेव्हाचं हे चित्र. आता ते पुन्हा बघा. कालपर्यंत शेजारी उभी राहून रंगवणारी बहीण आज समोर नुसती बसलेली आहे. काठावरची ती शांतता मला आता वेगळीच वाटते.

प्रसिद्ध चित्रकार एदुआर माने यांना हे चित्र इतकं आवडलं, की बर्थनं ते त्यांना देऊन टाकलं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. १८७४ मध्ये इम्प्रेशनिस्ट मंडळींचं पहिलं प्रदर्शन भरलं, त्यात मुख्य चित्रकारांमध्ये बाई एकटी बर्थच होती. त्याच वर्षी तिनं माने यांच्या धाकट्या भावाशी, युजीनशी लग्न केलं. पुढे मुलगी झाली, तरी रंग सुटले नाहीत. नवऱ्याची साथ होती, हेही खरं. १८९५ मध्ये ती गेली. शेकडो चित्रं मागे ठेवून गेलेल्या या बाईच्या मृत्युदाखल्यावर काय लिहिलं होतं, माहीत आहे? 'व्यवसाय नाही'!

बचत गटाच्या कामात बायकांचे अर्ज मी कितीदा भरून देते. 'व्यवसाय' या रकान्याशी आलं, की बायका म्हणतात, "काही नाही, लिहा ताई, घरीच असते." त्यांतली एखादी सुरेख भरतकाम करते, एखादीचा गळा गोड असतो. लग्नानंतर राहून गेलं, असं त्या हसत सांगतात.

बर्थनं आपल्या बहिणीला चित्रात तरी जपून ठेवलं. तुमच्या घरात, शेजारी अशी एखादी एडमा असेल. वहिनी असेल, जाऊबाई असेल, कदाचित आई असेल. तिला एकदा विचारा तरी, "तू पूर्वी काय करायचीस गं?" आणि दुपारचा एक तास तिच्या हातातलं काम तुमच्या हातात घ्या. बघा, ती काय काय सांगते ते!